चार खेळांचा खेळाडू, वकिलीची पदवी आणि न झुकलेली मान: पॉल रोब्सन यांची कहाणी

घरातलं एखादं पोर खेळात चमकायला लागलं की आजूबाजूला दोन तऱ्हेची बोलणी सुरू होतात. कुणी म्हणतं, खेळाने पोट भरत नाही, पुस्तक हातात धर. कुणी म्हणतं, पुस्तकं तर सगळेच वाचतात, याला मैदानावरच सोडा. आई-अब्बा मध्ये अडकतात आणि पोर त्यांच्याहून जास्त. हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यांत रोजचा आहे.

त्यापेक्षा अवघड असा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो सहसा कुणी मोठ्याने विचारत नाही. ज्या समाजाकडे देशातले काही लोक संशयाने बघतात, त्या समाजातला मुलगा जिंकला की सगळे टाळ्या वाजवतात. पण तोच मुलगा उद्या आपल्या माणसांच्या हक्काबद्दल बोलायला लागला तर त्या टाळ्या टिकतात का?

या दोन्ही प्रश्नांतून गेलेल्या एका माणसाची हकीकत आज आम्ही सांगत आहोत. अमेरिकेचा कृष्णवर्णीय खेळाडू, गायक आणि अभिनेता पॉल रोब्सन. आपल्याकडे त्याचं नाव गाण्यामुळे माहीत आहे. पण त्याची सुरुवात मैदानावर झाली होती, आणि तीही एका नाही तर चार खेळांत.

गुलामीतून पळालेला बाप

पॉलचा जन्म ९ एप्रिल १८९८ रोजी न्यू जर्सी राज्यातल्या प्रिन्स्टन या गावी झाला. पाच भावंडांत तो सगळ्यात धाकटा. वडील विल्यम ड्रू रोब्सन हे नॉर्थ कॅरोलायना राज्यात गुलाम म्हणून जन्मले होते. १८६० मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते मळ्यातून पळाले आणि उत्तरेकडे आले. पुढे गुलामगिरीवरून अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तेव्हा त्यांनी उत्तरेच्या फौजेत मजुरी केली. ज्या माणसाला लहानपणी पाटी-पेन्सिल मिळाली नव्हती, तो नंतर लिंकन विद्यापीठात शिकून पदवीधर झाला आणि प्रिन्स्टनच्या एका चर्चमध्ये धर्मगुरू झाला.

आई मारिया लुईझा बस्टिल या फिलाडेल्फियातल्या शिकल्यासवरल्या घराण्यातल्या होत्या. त्या शाळेत शिकवत असत.

पॉल तीन वर्षांचा असताना वडिलांना ते चर्च सोडावं लागलं. वीस वर्षांची सेवा एका झटक्यात संपली. हा माणूस मग घोडागाडी हाकू लागला, लोकांच्या घरच्या शेगड्यांची राख वाहून नेऊ लागला. कालपर्यंत ज्यांच्यासमोर प्रवचन देत होते, त्यांच्याच दारातून राख उचलायची. पण वडिलांनी या दिवसांबद्दल कधी कडवट शब्द काढला नाही, हे पॉलने पुढे आवर्जून लिहून ठेवलं आहे.

जानेवारी १९०४ मध्ये त्याहून मोठा घाव बसला. आईची दृष्टी जवळजवळ गेली होती. घरातल्या शेगडीतला निखारा त्यांच्या कपड्यांवर पडला आणि त्या गंभीर भाजल्या. त्यातच त्यांचा इंतकाल झाला. पॉल तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता. आईविना वाढणाऱ्या या पोराला वडिलांनी आणि आसपासच्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीने सांभाळलं. कुणाच्या घरी जेवण, कुणाच्या घरी झोप. ती वस्ती आपलं दुसरं घर होतं, असं तो कायम मानत राहिला.

घरची तालीम

वडिलांना पुढे दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये काम मिळालं. आधी वेस्टफील्ड आणि मग सॉमरव्हिल या गावी बाप-लेक राहायला गेले. संध्याकाळी वडील त्याला समोर बसवून लॅटिनचे धडे घेत, भाषणं पाठ करून घेत, एकेका शब्दाचा उच्चार सुधारून घेत. शाळेतून उत्तम गुण घेऊन आला तरी एखाद्या विषयात जरा कमी पडले असतील तर त्याचं कारण विचारलं जाई.

इथे एक गोष्ट पालकांनी नीट लक्षात घेण्यासारखी आहे. शेजारच्या मुलाला किती मिळाले, हे वडील विचारत नसत. त्यांची मोजपट्टी वेगळी होती. तुझ्यात जेवढी कुवत आहे, तेवढं सगळं तू वापरलंस का, एवढाच त्यांचा सवाल असे. दुसऱ्याला हरवणं हा त्यांच्या दृष्टीने गौण मामला होता. आणि यशासाठी आपलं ईमान विकायचं नाही, ही त्यासोबतची दुसरी अट. पुढच्या आयुष्यात पॉलने जे काही केलं, त्याच्या मुळाशी ही दोन वाक्यांची तालीम आहे.

सॉमरव्हिलच्या हायस्कूलमध्ये तो फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि मैदानी खेळ असं सगळं खेळला. वादविवादात भाग घेतला, गायनात होता, शेक्सपिअरच्या नाटकात उभा राहिला. ऑथेल्लोची भूमिका त्याने पहिल्यांदा केली ती याच शाळेत.

शेवटच्या वर्षी त्याला कळलं की न्यू जर्सी राज्यातर्फे रटगर्स कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी परीक्षा होते. पण बातमी उशिरा कळली. बाकीच्या मुलांनी पहिल्या तीन वर्षांच्या अभ्यासाची परीक्षा आधीच्या वर्षी देऊन टाकली होती. पॉलला मात्र चारही वर्षांचा अभ्यास तेवढ्याच वेळात लिहायचा होता. तो बसला आणि पहिला आला. चार वर्षांची फी सुटली. घरची परिस्थिती पाहता ही शिष्यवृत्ती मिळाली नसती तर ते कॉलेज त्याला परवडलं नसतं.

सगळ्या कॉलेजात एकटा

१९१५ च्या शरद ऋतूत तो रटगर्सला दाखल झाला. कॉलेजची स्थापना १७६६ ची. एवढ्या वर्षांत तिथे प्रवेश मिळालेला तो फक्त तिसरा कृष्णवर्णीय विद्यार्थी, आणि त्या वेळी तर एकटाच.

त्याने फुटबॉल संघाच्या निवडीसाठी नाव दिलं. हा अमेरिकन फुटबॉल, बरं का. आपला पायाने खेळायचा फुटबॉल वेगळा. यात लांबट चेंडू हातात घेऊन पळतात आणि समोरचा अंगावर झेप घेऊन पाडतो. धसमुसळा खेळ आहे. राग काढायला याच्यासारखी जागा नाही.

संघातल्या गोऱ्या मुलांना तो नको होता. पहिल्याच दिवशी सरावाच्या नावाखाली सगळे त्याच्यावर तुटून पडले. नाक फुटलं, खांदा निखळला. सतरा वर्षांचं पोर दहा दिवस बिछान्यावर पडून होतं. खेळ सोडून द्यावा, असं त्याच्या मनात आलं. पण वडिलांनी शिकवलं होतं की तू तिथे एकट्यासाठी गेलेला नाहीस. ज्यांना कॉलेजात जायचं आहे, खेळायचं आहे, अशी कितीतरी कृष्णवर्णीय मुलं तुझ्या मागे उभी आहेत. तू पळालास तर त्यांचा रस्ता बंद होईल.

तो परत मैदानावर गेला. या वेळी एकाने खिळ्यांच्या बुटाने त्याचा हात तुडवला आणि बोटांची नखं उखडली. पुढच्या डावात पॉलने चेंडू घेऊन येणाऱ्या खेळाडूला दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. तो त्याला जमिनीवर आपटणार, एवढ्यात प्रशिक्षक फॉस्टर सॅनफर्ड ओरडले की तू संघात आहेस. त्यानंतर त्याला कुणी हात लावला नाही, आणि हळूहळू तीच मुलं त्याची साथीदार झाली.

या प्रसंगाकडे बघताना आम्हाला एक जपून सांगायचं आहे. मार खाऊन जागा मिळवावी लागणं यात काही गौरव नाही. ती त्या काळाची शरम आहे. पॉलची हिंमत मोठी, पण ती लागावी अशी वेळ त्याच्यावर आणणारे छोटे होते.

बाकावर बसवलेला दिवस

१९१६ मध्ये कॉलेजच्या १५० व्या वर्धापनाचा सोहळा होता. त्या निमित्ताने दक्षिणेकडच्या वॉशिंग्टन अँड ली या कॉलेजच्या संघाशी सामना ठरला. पाहुण्या संघाने अट घातली की समोर कृष्णवर्णीय खेळाडू असेल तर आम्ही खेळणार नाही. रटगर्सने ती अट मान्य केली आणि पॉलला बाहेर ठेवलं. ज्या संघासाठी त्याने हाडं मोडून घेतली, तो संघ पहिल्याच कसोटीला त्याच्या मागे उभा राहिला नाही.

पुढच्या वेळी असाच आक्षेप दुसऱ्या एका संघाने घेतला तेव्हा प्रशिक्षक सॅनफर्ड यांनी मात्र ऐकलं नाही आणि पॉलला खेळवलं. माणसं शिकतात, पण कुणाला तरी त्याची किंमत आधी मोजावी लागते.

१९१७ च्या हंगामात नौदलाच्या राखीव दलाचा एक तगडा संघ रटगर्ससमोर आला. त्यात देशभरातले नावाजलेले खेळाडू होते. रटगर्सने तो सामना १४-० असा जिंकला आणि पॉलचं नाव न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत झळकलं. १९१७ आणि १९१८ अशी दोन वर्षे त्याची गणना ऑल-अमेरिकन संघात, म्हणजे देशभरातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंत झाली.

फुटबॉल संपला की बास्केटबॉल, मग बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे झेल घेणारा कॅचर, आणि मैदानी खेळांत थाळीफेक. अमेरिकेत कॉलेजकडून खेळणाऱ्या खेळाडूला मान म्हणून कॉलेजच्या नावाचं कापडी अक्षर देतात. ते खेळाडू आपल्या स्वेटरवर शिवून मिरवतात. चार खेळांत मिळून पॉलने अशी किमान डझनभर अक्षरं कमावली.

अभ्यासातही तो मागे नव्हता. तिसऱ्या वर्षीच त्याची निवड फाय बीटा काप्पा या हुशार विद्यार्थ्यांच्या मानाच्या मंडळात झाली. वक्तृत्वात तो वर्षामागून वर्ष जिंकत गेला. मे १९१८ मध्ये वडिलांचं निधन झालं. आजारपणात त्यांनी पॉलकडून वचन घेतलं होतं की काहीही झालं तरी वक्तृत्व स्पर्धेला उभा राहायचं. वडिलांना माती देऊन काही दिवसच झाले होते. तो उभा राहिला आणि पहिला आला. ते बक्षीस ज्यांना दाखवायचं, ते मात्र घरी नव्हते.

१९१९ च्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीने भाषण करण्याचा मान त्याला मिळाला. पण याच चार वर्षांत कॉलेजच्या गायन मंडळाबरोबर बाहेरगावी जायला किंवा मेजवान्यांना बसायला त्याला जागा नव्हती. मैदानावर नायक आणि मेजवानीला परका. हा दुटप्पीपणा त्याने हसतमुखाने सोसला, पण विसरला नाही.

मैदानाच्या पैशातून वकिली

इथून पुढे आम्ही त्यांना रोब्सन म्हणू.

रोब्सन यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कायद्याला प्रवेश घेतला. १९२१ मध्ये त्यांचं लग्न एसलांडा गुड यांच्याशी झालं. एसलांडा या रसायनशास्त्र शिकलेल्या, एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हुशार बाई. घर बऱ्याच अंशी त्यांच्या पगारावर चाले. कायद्याचा खर्च भागवायला रोब्सन शनिवार-रविवारी व्यावसायिक फुटबॉल खेळू लागले. १९२१ मध्ये ॲक्रन प्रोज आणि १९२२ मध्ये मिलवॉकी बॅजर्स हे त्यांचे संघ. आज ज्या लीगचे सामने करोडो लोक बघतात, ती एनएफएल तेव्हा नुकती पाळण्यात होती.

१९२२ च्या एका सामन्यात समोर जिम थॉर्प यांचा संघ होता. थॉर्प म्हणजे मूळनिवासी अमेरिकन, १९१२ च्या ऑलिम्पिकमधला सुवर्णपदक विजेता, त्या काळातला सर्वांत नामवंत अष्टपैलू खेळाडू. त्या दिवशी रोब्सन यांच्या संघाने १३-० ने सामना जिंकला आणि दोन्ही टचडाउन रोब्सन यांनी केले.

१९२३ मध्ये कायद्याची पदवी हातात आली आणि त्यांनी व्यावसायिक खेळ सोडला. वय पंचवीस. इतर खेळाडूंची खरी कमाई ज्या वयात सुरू होते, त्या वयात हा माणूस मैदानातून बाहेर पडला, कारण त्याच्याकडे दुसरा रस्ता तयार होता.

पण तो रस्ताही सरळ निघाला नाही. न्यूयॉर्कच्या एका वकिली कचेरीत ते रुजू झाले. एके दिवशी मजकूर उतरवून घ्यायला सांगितल्यावर तिथल्या गोऱ्या लघुलेखिकेने कृष्णवर्णीय माणसाकडून मजकूर घ्यायला नकार दिला. रोब्सन यांनी ती नोकरी सोडली आणि वकिलीकडे पुन्हा वळून बघितलं नाही.

आवाजाने दिलेली दुसरी जिंदगी

शिकत असताना हौसेने केलेली नाटकं आता कामाला आली. १९२४ मध्ये नाटककार युजीन ओनील यांच्या दोन नाटकांत त्यांनी प्रमुख भूमिका केल्या. १९ एप्रिल १९२५ रोजी पियानोवादक लॉरेन्स ब्राउन यांच्या साथीने त्यांनी न्यूयॉर्कमध्ये एक मैफल केली. त्यात गुलामगिरीच्या काळात मळ्यांवर जन्मलेली भक्तिगीतं आणि लोकगीतं होती. वडिलांच्या पिढीची जी गाणी शिष्ट लोक गावंढळ समजत, ती त्यांनी सभागृहात ताठ मानेने गायली. लोक बाहेर पडायला तयार नव्हते.

पुढची बरीच वर्षं त्यांनी लंडनमध्ये काढली. १९३० मध्ये तिथे ऑथेल्लो साकारला. चित्रपट केले, युरोपभर गाऊन आले. लंडनमध्ये पौर्वात्य भाषांच्या संस्थेत नाव घालून आफ्रिकेच्या भाषा शिकले. ज्या भूमीतून आपल्या पूर्वजांना साखळदंडात आणलं, तिच्या भाषा आपल्याला यायला हव्यात, ही त्यामागची ओढ होती. नंतर ते अनेक भाषांतून गाऊ लागले.

लंडनमध्येच त्यांची आपल्या स्वातंत्र्यलढ्याशी गाठ पडली. जून १९३८ मध्ये पंडित नेहरूंच्या स्वागतासाठी लंडनला सभा झाली, तिला रोब्सन हजर होते. नेहरूंशी त्यांची दोस्ती पुढे कायम राहिली. वेल्सच्या खाणकामगारांमध्येही ते असेच मिसळले. आपल्या माणसांचं दुःख आणि कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्या गोऱ्या मजुराचं दुःख एकाच जातीचं आहे, असं त्यांना दिसू लागलं होतं.

बेसबॉलचं बंद दार

महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये रोब्सन अमेरिकेला परतले. ऑक्टोबर १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्यांचा ऑथेल्लो लागला. त्याचे २९६ प्रयोग झाले. ब्रॉडवेवर शेक्सपिअरचं कोणतंही नाटक इतकं चाललं नव्हतं. नाटक दौऱ्यावर निघालं तेव्हा जिथे कृष्णवर्णीयांना वेगळं बसवतात, अशा थिएटरात आपण पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

प्रसिद्धीच्या शिखरावर असताना ते मैदान विसरले नव्हते. अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल संघांत तेव्हा एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला घेत नसत. डिसेंबर १९४३ मध्ये रोब्सन एका शिष्टमंडळासोबत बेसबॉलचे आयुक्त आणि संघमालक यांच्यासमोर गेले. ब्रॉडवेवर कृष्णवर्णीय माणूस गोऱ्या नटांसोबत उभा राहू शकतो आणि लोक टाळ्या वाजवतात, मग बेसबॉलमध्ये अडचण कसली, असा त्यांचा साधा मुद्दा होता.

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन संघाकडून मैदानात उतरले आणि ते दार उघडलं. रॉबिन्सन हेही लॉस एंजेलिसच्या कॉलेजात चार खेळ गाजवलेले खेळाडू. एकाने दार ठोठावलं, दुसरा आत गेला.

देशनिष्ठेचा सवाल

महायुद्धानंतर रशिया आणि अमेरिका यांच्यात शीतयुद्ध पेटलं. कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरून अमेरिकेत लोकांच्या नोकऱ्या जाऊ लागल्या. त्याच काळात दक्षिणेत कृष्णवर्णीयांचे झुंडबळी होत होते. १९४६ मध्ये रोब्सन शिष्टमंडळ घेऊन राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्याकडे गेले आणि झुंडबळींविरुद्ध कायदा करण्याची मागणी केली. पदरात काही पडलं नाही.

एप्रिल १९४९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत ते बोलले. वृत्तसंस्थेने त्यांच्या तोंडी जे शब्द घातले, त्यावरून अमेरिकेत वादळ उठलं. रशियाविरुद्धच्या युद्धात कृष्णवर्णीय लढणार नाहीत, असा त्याचा अर्थ लावला गेला. ते प्रत्यक्षात जे बोलले त्याच्याशी हे वृत्त जुळत नव्हतं, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं. पण तोवर कोण थांबतंय?

अमेरिकी संसदेच्या एका समितीने जॅकी रॉबिन्सन यांना साक्षीला बोलावलं. जुलै १९४९ मध्ये रॉबिन्सन यांनी रोब्सन यांच्या मताला विरोध नोंदवला. त्याच साक्षीत त्यांनी वर्णद्वेषाविरुद्धही बोलून घेतलं, पण वर्तमानपत्रांना पहिलाच भाग हवा होता. ज्याच्यासाठी दार ठोठावलं, त्यालाच आपल्याविरुद्ध उभं केलं गेलं. रोब्सन यांनी मात्र रॉबिन्सन यांच्याशी भांडायला नकार दिला. १९७२ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, रॉबिन्सन यांनी आपल्या आत्मचरित्रात रोब्सन यांच्या त्यागाबद्दल आदर व्यक्त केला आणि तशी साक्ष आज आपण दिली नसती, असं कबूल केलं.

ऑगस्ट १९४९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पीकस्किलजवळ त्यांची मैफल जमावाने उधळली. ४ सप्टेंबरला ती पुन्हा ठेवली, तेव्हा कामगारांनी चारी बाजूंनी कडं केलं आणि रोब्सन गायले. परतणाऱ्या मोटारींवर आणि बसवर मात्र दगडांचा वर्षाव झाला. १४० हून जास्त लोक जखमी झाले.

१९५० मध्ये सरकारने त्यांचा पासपोर्ट रद्द केला. देशाबाहेर जायचं नाही आणि देशात सभागृह मिळायचं नाही. १९४७ मध्ये वर्षाला लाख डॉलरहून अधिक कमावणारा कलाकार काही वर्षांत सहा हजारांच्या आसपास आला. ऑल-अमेरिकन खेळाडूंच्या याद्या छापणाऱ्या एका पुस्तकात १९१८ च्या संघात अकराऐवजी दहाच नावं छापली गेली. गाळलेलं नाव कुणाचं, हे वेगळं सांगायला नको. मैदानावर ज्याने नखं उखडून घेतली, त्याची नोंदही उखडून टाकायचा हा प्रयत्न होता.

ते गप्प बसले नाहीत. मे १९५२ मध्ये कॅनडाच्या सीमेवर एका ट्रकवर उभं राहून त्यांनी पलीकडच्या हजारो लोकांसाठी गाणं म्हटलं. १९५७ मध्ये समुद्राखालच्या टेलिफोन तारेवरून त्यांचं गाणं लंडनच्या सभागृहात आणि वेल्सच्या खाणकामगारांपर्यंत पोहोचलं. माणूस अडकला, आवाज सुटला. १९५६ मध्ये संसदेच्या त्याच समितीसमोर त्यांना उभं केलं. वडील गुलाम होते, हा देश उभा करायला माझी माणसं मेली, तेव्हा मी इथेच राहणार आणि माझा वाटा मागणार, असं त्यांनी समितीला ठणकावून सांगितलं.

त्यांची एक बाजू लपवणं मात्र योग्य होणार नाही. रशियात आपल्याला माणूस म्हणून वागवलं गेलं, या कृतज्ञतेपोटी त्यांनी स्टॅलिनच्या राजवटीतल्या जुलमांबद्दल जाहीरपणे तोंड उघडलं नाही. आपल्या देशातल्या अन्यायाबद्दल निर्भय असलेला माणूस दुसऱ्या देशातल्या अन्यायाबद्दल गप्प राहिला, हे त्यांच्या चाहत्यांनाही आजवर सलतं. न्यायाची तराजू सगळीकडे एकच धरावी लागते, हा धडा त्यांच्या चुकीतूनही घ्यायला हवा.

मुंबईचा एक धागा

एप्रिल १९५८ मध्ये रोब्सन साठ वर्षांचे होणार होते. स्वतःच्या देशात त्यांचं नाव घ्यायला लोक घाबरत होते, तेव्हा भारतात त्यांचा वाढदिवस जाहीरपणे साजरा करायचं ठरलं. नेहरूंनी पाठिंब्याचं निवेदन काढलं. या समितीच्या पुढे होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मोहम्मदअली करीम छागला. हा कार्यक्रम होऊ नये म्हणून अमेरिकेच्या वकिलातीने खटपट केली, पण कार्यक्रम झाले. गंमत म्हणजे त्याच वर्षी छागला भारताचे राजदूत म्हणून अमेरिकेला गेले.

जून १९५८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असाच एक दुसरा खटला निकाली काढताना ठरवलं की, माणसाच्या विचारांवरून सरकार त्याचा पासपोर्ट अडवू शकत नाही. रोब्सन यांना आठ वर्षांनी पासपोर्ट परत मिळाला. १९५९ मध्ये शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, त्यांनी पुन्हा ऑथेल्लो केला. १९६० मध्ये सिडनीत ऑपेरा हाउसचं बांधकाम सुरू होतं, तिथल्या मजुरांसमोर ते जाऊन गायले.

पण आतून ते थकले होते. १९६१ पासून मानसिक आजाराने त्यांना घेरलं. लंडनच्या इस्पितळात विजेचे झटके देण्यापर्यंत उपचार झाले. १९६३ मध्ये ते अमेरिकेला परतले. १९६५ मध्ये एसलांडा गेल्या. शेवटची वर्षं फिलाडेल्फियात बहीण मेरियन यांच्या घरी शांतपणे गेली. पाच वर्षांचा असताना आई हरवलेल्या भावाला म्हातारपणी बहिणीने सांभाळलं. २३ जानेवारी १९७६ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांनी डोळे मिटले. अंत्यविधी हार्लेमच्या त्या चर्चमध्ये झाला, जिथे त्यांचे भाऊ बेन धर्मगुरू होते.

मृत्यूनंतर १९ वर्षांनी, १९९५ मध्ये, कॉलेज फुटबॉलच्या मानकऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव अखेर घेतलं गेलं. २०१९ मध्ये, त्यांच्या पदवीला शंभर वर्षं झाली तेव्हा, रटगर्सने आपल्या आवारातला एक चौक त्यांच्या नावाने खुला केला. एकेकाळी ज्याला बाकावर बसवलं, त्याच्या नावाने आता तिथली मुलं भेटायच्या जागा ठरवतात.

आपल्या घरासाठी काय?

रोब्सन यांच्या आयुष्यातून आम्हाला तीन गोष्टी आपल्या वाचकांपुढे ठेवाव्याशा वाटतात.

पहिली, खेळ आणि अभ्यास यांत भांडण लावू नका. रोब्सन यांचा व्यावसायिक खेळ पंचविशीत संपला. एखाद्या खेळाडूचा तो दुखापतीने विसाव्या वर्षीही संपू शकतो. त्या दिवशी पोराच्या हातात दुसरं काही असायला हवं. सरावाला सोडायला जाता, तसं वहीवरही एक नजर असू द्या.

दुसरी, मुलाची तुलना शेजाऱ्याशी करू नका. त्याने स्वतःची पूर्ण ताकद लावली का, एवढं विचारा. राख वाहणाऱ्या एका बापाने हा प्रश्न विचारला आणि तो पोराला आयुष्यभर पुरला.

तिसरी गोष्ट कठीण आहे. आपलं मूल जिंकेल तेव्हा जग त्याला डोक्यावर घेईल. ते हक्काचं बोलेल तेव्हा तेच जग तोंड फिरवू शकतं. त्या दिवशी त्याला नाव, पैसा, याद्या यांच्यापेक्षा घराचा आधार जास्त लागेल. तो आधार आधीपासून तयार करून ठेवणं, हे आपलं काम.